वरच्या माळाचे पाणी, खालच्या सरीत



आपल्या या अंकात शेतकी विभागातर्फे आपण नेहमी बेणे, लागण, खते, हुमणी, खोडव्याची निगा याच विषयांवर बोलत असतो. पाण्याचा विषय निघाला तर तो कमी पडणाऱ्या पाण्याचा. गट ऑफिसला येणाऱ्या सभासदाची तक्रार ठरलेली असते : मोटार जळाली, विहीर आटली, नदीला पाणी नाही. परंतु गेल्या काही वर्षांत दुसरीच तक्रार वाढत चालली आहे. "साहेब, पाणी आलं आणि फड घेऊन गेलं." आज त्या नको असलेल्या पाण्याविषयी चार गोष्टी लिहिणार आहे. यात माझी स्वतःची एक चूकही येणार आहे, ती आधीच कबूल करून ठेवतो.

कापूरहोळच्या चौकात उभे राहिले की पुणे-सातारा हमरस्ता, भोरकडे जाणारा रस्ता आणि नारायणपूरवरून सासवडला जाणारा रस्ता असे सगळे फाटे दिसतात. बाहेरच्या माणसाला हे गाव म्हणजे फाट्यावरचे हॉटेल वाटते. आपल्याला हे शंभूराजांच्या दूधआई धाराऊचे गाव म्हणून ठाऊक आहे. पण माझ्यासारखा फडाफडांतून फिरणारा माणूस या गावाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. एका अंगाला पुरंदरचे डोंगर, उत्तरेला कात्रजपर्यंत चढत गेलेली भुलेश्वर रांग आणि मध्ये सखल पट्टा. त्या पट्ट्यातून शिवगंगा गुंजवणीला मिळते आणि गुंजवणी नीरेला. डोंगरावर पडलेला प्रत्येक थेंब या सखल पट्ट्यातूनच नदीला जातो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात आपला ऊस उभा आहे, हमरस्ता आहे आणि आता गोदामे, हॉटेले व प्लॉटही आहेत. पाण्याला जायला वाट तेवढी आखडत चालली आहे.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. कात्रजच्या त्या एकाच डोंगररांगेवर पाऊस कोसळला. रांगेच्या उत्तरेचे पाणी आंबील ओढ्याने पुण्यात शिरले, भिंती पाडून घरांत घुसले. दक्षिणेचे पाणी शिवगंगेला आले, आणि खेड शिवापूरजवळ दर्ग्यात झोपलेली माणसे वाहून गेली. शेजारी पुरंदरात कऱ्हेला पूर आला. पुणे शहर व जिल्हा मिळून वीसच्या वर माणसे एका रात्रीत गेली. धरण फुटले नव्हते, मोठी नदी पात्र सोडून आली नव्हती. ज्यांची नावे नकाशावर शोधावी लागतात अशा ओढ्या-ओहोळांनी हे केले.

आणि ही पहिली वेळ नव्हती. आपल्याच भोर तालुक्यात, कात्रजच्या नव्या बोगद्याच्या अलीकडे शिंदेवाडीला, ६ जून २०१३ रोजी पावसाळ्याच्या पहिल्याच दणक्यात डोंगरावरून चिखलपाण्याचा लोंढा हमरस्त्यावर आला. गाडीतून जाणारी एक आई आणि तिची लहान मुलगी त्यात वाहून गेली. वरचा डोंगर फोडून सपाट केलेला होता, पाण्याची जुनी वाट अडलेली होती. पाणी काही नवे नव्हते, वाट तेवढी गेली होती.

आता माझ्या चुकीकडे येतो.

कापूरहोळच्या जवळच्या एका वाडीत आपले एक वयोवृद्ध सभासद आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. मी डिप्लोमा करून या खात्यात नवा होतो तेव्हा त्यांच्या दोन एकरांच्या फडाची नोंद घ्यायला गेलो होतो. फडाच्या मधून वरपासून खालपर्यंत एक चर गेलेला, सात-आठ फूट रुंद, उथळ, गवताने भरलेला. काठाला निरगुडी आणि एक करंज. मी तरुण, एकरी उत्पादन वाढवायचे डोक्यात बसलेले. म्हणालो, "आबा, ही पड जागा कशाला ठेवलीत? बुजवून टाका, दोन सऱ्या वाढतील." आबा म्हणाले, "वाडवडलांनी ठेवलाय साहेब, पावसाचं पाणी जातं त्यातनं." मी म्हणालो, "वर्षातून चार दिवस जाणाऱ्या पाण्यासाठी बारा महिने जमीन अडवायची का?"

आबांनी पुढच्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून चर बुजवला आणि वरच्या बांधावर मुरमाची भर टाकून तो उंच केला. दोन सऱ्या वाढल्या. हिशेब सांगतो : आठ फूट रुंद आणि तीनशेतीस फूट लांब म्हणजे सुमारे अडीच गुंठे. एकरी चाळीस टन धरले तर वर्षाला अडीच टन ऊस जादा. पंधराएक वर्षे तो मिळत राहिला. आबा दिसले की म्हणायचे, "साहेब, तुमच्या दोन सऱ्या जोमात हायत." मला बरे वाटायचे.

आबांच्या वरच्या अंगाला त्यांच्या पुतण्याचे शेत. मधल्या काळात पुतण्याने रस्त्याकडची जमीन गोदामाला भाड्याने दिली. पत्रे चढले, पुढे ट्रक वळायला काँक्रीट झाले. उरलेल्या जमिनीत त्याचे सोयाबीन. २०१९ च्या त्या रात्री गोदामाच्या पत्र्यावरचे, काँक्रीटवरचे आणि मागच्या माळाचे पाणी एकत्र होऊन खाली आले, ते आबांच्या उंच बांधाला अडले. आधी पुतण्याचे सोयाबीन बुडाले. मग बांधाला भगदाड पडले, आणि तेही नेमके जुना चर होता तिथेच. आबांचा आडसाली ऊस तोडीला दोन-अडीच महिन्यांवर आलेला. बारा गुंठ्यांतला ऊस मुळासकट गेला, आणि ऊस गेला त्याचे दुःख एका हंगामाचे. पण हातभर काळी माती गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला, ती पिढीत भरून येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पंचनाम्याच्या वेळी गेलो. पुतण्या म्हणत होता, तुमच्या बांधामुळे माझं पीक कुजलं. आबा म्हणत होते, तुझ्या पत्र्याचं पाणी माझ्या रानात का? दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, मला सांगत होते. आणि मूळ ज्याने सांगितले तो मी, मध्ये वही घेऊन उभा. आबा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून मी पाण्याचे हे गणित नीट शिकलो. ते अवघड नाही, आपण सगळे करू शकतो.

एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी पडले. शंभर मिलिमीटर पडला तर चार लाख लिटर, म्हणजे दहा हजारी चाळीस टँकर, एका एकरावर. आपल्या दहा गुंठ्यांच्या पत्र्याच्या गोदामावर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर, आणि त्यातले जवळजवळ सगळेच खाली येणार, कारण पत्रा काही पाणी पीत नाही.

आता वेग पाहा. दहा हेक्टरांचा, गवताने झाकलेला, झाडझाडोरा असलेला माळ धरा. तासाला पन्नास मिलिमीटर वेगाने पाऊस पडतो आहे. अशा माळावरून साधारण तीस टक्के पाणी वाहून येते असे मानले तर ओढ्याला सेकंदाला सव्वाचारशे लिटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम पंधरा क्युसेक पाणी येईल. तोच माळ फोडून सपाट केला, काँक्रीट-डांबर केले, पत्रे चढवले, तर नव्वद टक्क्यांपर्यंत पाणी येते. म्हणजे सेकंदाला साडेबाराशे लिटर, चव्वेचाळीस क्युसेक. पाऊस तोच, माळ तेवढाच, पाणी तिप्पट. शिवाय ते लवकर येते. पूर्वी दोन-तीन तास झिरपत, अडत, खळाळत येणारे पाणी अर्ध्या तासात दारात.

रस्त्याखालच्या मोरीचेही तेच. दोन फुटी सिमेंटच्या नळ्यातून चांगल्या उतारावर वीस क्युसेकच्या आसपास पाणी जाते. म्हणजे जुन्या माळाला तो नळा पुरत होता. नव्या माळाला तीन फुटी नळा लागेल. आणि तोंडाशी प्लॅस्टिक, पाचट, झाडाचा ओंडका अडकला तर तीन फुटीही कामाचा नाही. आपण म्हणतो रस्त्यावाल्यांनी मोरी लहान ठेवली. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा मोरी तेवढीच असते, वरचा माळ बदललेला असतो.

आपल्या वाडवडिलांना ही आकडेमोड येत नव्हती, पण व्यवस्था त्यांची पक्की होती. वेल्हे-भोरच्या वरच्या अंगाला जाऊन भातखाचरे पाहा. आपण त्यांना आंबेमोहराची शेती म्हणून ओळखतो. मला विचाराल तर ती पाण्याची पायरी-पायरीने उतरण आहे. प्रत्येक खाचर पाणी धरते, भरले की दगडी सांडव्यावरून खालच्याला देते, खालचे त्याच्या खालच्याला. डोंगरावरून एका उडीत येणारे पाणी शंभर पायऱ्या उतरून येते, माती वरच ठेवून येते. खाचर मोडून प्लॉट पाडला की एक पायरी गेली. दहा खाचरे मोडली की पाणी दहा पायऱ्या एकदम उडी मारते, ती उडी खाली आपल्या फडात पडते. खाचराच्या सातबाऱ्यावर 'भात' लिहिलेले असते, 'पूर अडवतो' असे लिहिलेले नसते, म्हणून त्याची किंमत कोणी धरत नाही.

नीरा खोऱ्याला साचलेल्या पाण्याचा धडाही नवा नाही. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाला, पुढे १९२८ मध्ये भाटघरचे आजचे धरण पुरे झाले. खाली बारामतीकडे ऊस फुलला. (धरण आपल्या उशाला आणि पाणी त्यांच्या पायथ्याला, हा विषय आज नको.) पण कालव्याखालच्या जमिनी पाणथळ आणि खारपड होऊ लागल्या, तेव्हा इंग्रज इंजिनिअरांनाही शेवटी निचऱ्याचे चर खोदावे लागले. पाणी देण्याइतकेच पाणी काढणे महत्त्वाचे, हे या खोऱ्याने शंभर वर्षांपूर्वी पैसे मोजून शिकले आहे.

उसाला पाणी लागते म्हणून साचलेले पाणी चालते, असा एक समज आहे. उसाच्या मुळाला हवाही लागते. मातीतली सगळी भोके पाण्याने भरली की मूळ गुदमरते. चार-आठ दिवस पाणी साचून राहिले की पाने पिवळी पडतात, कांड्यांवर पांढऱ्या मुळ्या फुटतात, ऊस लोळतो, उतारा घटतो, आणि त्या फडाचा खोडवा कधी सरळ उगवत नाही. जिथे सखल जागा आहे आणि निचरा करूनही ओल राहते, तिथे फुले २६५ सारखी तग धरणारी जात घ्यावी, ती पाडेगावच्या संशोधन केंद्राने याच खोऱ्यात तयार केली आहे. को ८६०३२ चांगली जात आहे, पण तिला चिखलात उभी करून दोष देऊ नये. पाणी ओसरल्यावर लगेच युरिया फेकायला धावू नका. आधी वाफसा येऊ द्या, मुळे उघडी पडली असतील तर मातीची भर द्या, मग नत्र आणि पालाशचा हप्ता द्या.

तर करायचे काय? मी सगळ्यांना एकच सांगतो : पहिल्या वळवाच्या पावसात घरात बसू नका. इरले घ्या, फावडे घ्या आणि रानात फिरा. पाणी कुठून येते, कुठे वळते, कुठे थांबते हे त्या अर्ध्या तासात कळते. कोरड्या दिवशी कोणताही इंजिनिअर दुर्बीण लावून जेवढे सांगेल त्यापेक्षा जास्त कळते. जिथून पाणी येते तिथे एक दगड ठेवा, जिथे जाते तिथे एक ठेवा. उन्हाळ्यात चर त्या दोन दगडांच्या रेषेत काढा.

चर अरुंद आणि खोल नको. अरुंद चरात पाणी जोर धरते आणि काठ खाते. रुंद, उथळ, परातीच्या आकाराचा चर असावा आणि त्यात गवत असू द्यावे. हरळी, वाळा जे येईल ते. ते गवत तणनाशकाने जाळू नये. गवत म्हणजे चराचे कातडे. सऱ्या सरळ उताराच्या दिशेने पाडू नका, आडव्या पाडा, शंभर फुटाला तीन-चार इंच उतार पुरे. बांधाला सांडवा ठेवा आणि सांडव्यावर दगडाची पिचिंग करा. पाचट कुट्टी करून सरीत पसरलेले असेल तर थेंबाचा मार माती खात नाही, पाणी मुरते. मात्र तेच पाचट ढीग करून ओढ्याच्या काठी टाकू नका, ते पहिल्या पुरात मोरीच्या तोंडात जाऊन बसते. मागे एका मोरीतून आम्ही जे काढले त्यात निम्मे आपल्याच फडांतले होते, ठिबकच्या जुन्या नळ्यांसकट.

माळ आपल्याच मालकीचा असेल तर समपातळी चर खोदावेत. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरला १८० लिटर पाणी बसते. हेक्टरी पाचशे मीटर खोदले तर एका भरणीला ९० हजार लिटर. शंभर मिलिमीटरच्या पावसात हेक्टरावर दहा लाख लिटर पडते, म्हणजे चर सगळे पाणी अडवतील अशी आशा धरू नका. पण ते पहिला लोंढा मोडतात आणि विहिरीला पाणी देतात, एवढे नक्की.

शेजारच्या पुरंदर तालुक्यात, नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची चाळीस एकर पडीक माळरान जमीन भाडेपट्ट्याने घेऊन हेच केले. बांध, चर, पाझर तलाव. वाहून जाणारे पाणी तिथेच अडवून मुरवले आणि त्यातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, त्या पाणी पंचायतीच्या नियमात उसाला बंदी होती. उसाच्या माणसाने त्यांचे कौतुक करावे हे काहींना विचित्र वाटेल. मला वाटत नाही. माळावरच्या पाण्याचे त्यांनी जे केले ते उसाखालच्या माणसानेही करावे असेच आहे.

भांडण झालेच तर कायदा काय म्हणतो, हेही ठाऊक असावे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ हा जुना कायदा आजही चालू आहे. आपण तो रस्त्याच्या तंट्यासाठी ओळखतो. पण त्याच्या कलम ५ मध्ये पाणीही आहे. शेतजमिनीवर पडणारे किंवा उगवणारे पाणी नैसर्गिकपणे शेजारच्या जमिनीकडे वाहत असेल आणि कोणी बेकायदा अडथळा उभारून ते अडवले, त्यामुळे जमिनीचे किंवा पिकाचे नुकसान होत असेल किंवा होण्याचा संभव असेल, तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. फोटो, गटाचा नकाशा, सातबारा सोबत ठेवा. मुदत गेली की मग दिवाणी कोर्ट, आणि तिथे किती ऊस तोडले जातील ते सांगता येत नाही.

पण यातली खोच लक्षात घ्या. या कायद्याने अडथळा निघतो. वरून वाढून आलेले पाणी कमी होत नाही. आबांच्या बाबतीत कायद्याचा आधार पुतण्याला होता, आबांना नव्हता. बांध आबांनी घातला होता, माझ्या सांगण्यावरून. पुतण्याच्या पत्र्याचे आणि काँक्रीटचे काय करायचे, ते कोणत्याच कलमात मला सरळ सापडले नाही. ते ग्रामपंचायतीने बांधकामाच्या वेळीच विचारायला हवे : पत्र्याचे पाणी कुठे सोडणार? कागदावर नुसते 'गटार' लिहून चालणार नाही, ते गटार कोणाच्या बांधावर संपते ते दाखवा म्हणावे. आपले कितीतरी सभासद ग्रामपंचायतीत आहेत, त्यांनी एवढा एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. हमरस्त्याच्या मोरीसाठी महामार्ग प्राधिकरणाकडे अर्ज मे महिन्याच्या आधी द्यावा, मोरीचा किलोमीटर क्रमांक घालून आणि दोन्ही तोंडांचे फोटो लावून. नुसते 'आमच्या गावाजवळची मोरी' असे लिहिलेले अर्ज फाइलमध्येच कुजतात.

आबा आणि पुतण्या यांचा तंटा तहसीलला गेला नाही. दिवाळीनंतर गट ऑफिसमध्ये दोघांना चहाला बोलावले. खरे सांगायचे तर बोलावताना मला धाकधूक होती. मीच सुरुवात केली. म्हणालो, "आबा, चर बुजवा म्हणून मी सांगितलं होतं. त्या दोन सऱ्यांचा दोष माझ्याकडे द्या, पोराकडे देऊ नका." आबा बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "साहेब, बुजवला मीच की. ट्रॅक्टर काय तुम्ही चालवला न्हवता." पुतण्या खाली बघून म्हणाला, "आबा, पत्र्याचं पाणी मी एका बाजूला काढतो, खड्डा घेतो त्याला."

त्या उन्हाळ्यात जुन्या चराची जागा शोधायला मी नकाशा घेऊन गेलो होतो. गरज पडली नाही. पुराने ती आखूनच ठेवली होती. चर पुन्हा निघाला, या वेळी बारा फूट रुंद, कारण वरचे पाणी आता वाढलेले आहे. पुतण्याने गोदामामागे शोषखड्डा आणि छोटे तळे घेतले, जादा पाणी त्यातून सांडव्याने चराला येते. खर्च निम्मा-निम्मा, जेसीबीचे तास मी वहीत लिहिले. मुरूम पडलेल्या बारा गुंठ्यांत आबांनी गाळ ओढून टाकला, पहिली दोन वर्षे ताग गाडला. अजून तिथला ऊस इतरांपेक्षा हातभर बुटका आहे.

करंज त्याच पुरात गेला होता. आबांनी चराच्या काठाला नवा लावला आहे. गेल्या पावसाळ्यात गेलो तेव्हा चर भरून वाहत होता, पाणी गढूळ होते पण संथ होते, आणि आबा गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन काठावर उभे होते. म्हणाले, "दोन सऱ्या गेल्या साहेब." मी म्हणालो, "तीन गेल्या आबा, या वेळी बारा फूट काढलाय." ते हसले.

ज्या सभासदांना आपल्या फडाच्या चराची पाहणी करून हवी असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसमध्ये गट नंबर आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्याचे नाव लिहून द्यावे. वरचा शेजारी सोबत असेल तरच मी येतो, नुसते खालच्याचे ऐकून येत नाही. येताना लेव्हल काढायची पारदर्शक नळी मी आणीन, फावडे तुमचे.